गुड बिहेव्हिअर गेम

वर्गातील दंगा कमी करण्यासाठी उपयोजित वर्तन विश्लेषणातून (वागण्याच्या परिणामांत फेरफार करून वागणे बदलण्याच्या पद्धतीतून) तयार झालेला सांघिक खेळ. हॅरिएट बॅरिश, म्युरिएल सॉन्डर्स आणि माँट्रोज वुल्फ यांनी तो अमेरिकेतील कॅन्सस राज्यात चौथीच्या एका वर्गात करून पाहिला आणि १९६९ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. वर्गात २४ मुले होती. त्यांतील सात जणांच्या तक्रारी बाईंनी मुख्याध्यापकांपर्यंत नेल्या होत्या.

बाईंनी वर्गाचे दोन संघ पाडले. कोणी विनापरवानगी जागेवरून उठले किंवा मध्येच बोलले, की फळ्यावर त्याच्या संघाखाली एक रेघ. कमी रेघांचा संघ जिंकायचा. दोन्ही संघ पाच रेघांच्या आत राहिले, तर दोघेही. बक्षीस साधेच होते : जेवणाच्या रांगेत पहिला नंबर, तक्त्यावर चांदणी, शेवटचा अर्धा तास आवडीच्या कामाला. आपल्याकडे मॉनिटर दंगेखोरांची नावे फळ्यावर लिहितो, त्याच्याशी याचे साम्य वरवरचे आहे. रेघ संघाच्या खात्यावर पडते. त्यामुळे खोडीला दाद देणारे सोबतीच ती थांबवू लागतात.

खेळ सुरू होण्याआधी गणिताच्या तासाचे एकेका मिनिटाचे तुकडे करून नोंद ठेवली, तेव्हा सुमारे ९६ टक्के तुकड्यांत मध्येच बोलणे आणि ८२ टक्क्यांत जागा सोडणे आढळले. खेळ सुरू झाल्यावर हे आकडे सुमारे १९ आणि ९ वर आले. याहून पटणारी गोष्ट पुढची. गणिताच्या तासाला खेळ बंद करून तो वाचनाच्या तासाला नेला, तेव्हा गणितात दंगा परतला आणि वाचनात ओसरला. म्हणजे मुले एकाएकी शहाणी झाली नव्हती. बदल खेळामुळेच होता.

दोन मुलांनी मात्र खेळायलाच नकार दिला. त्यांच्या रेघांचा भुर्दंड इतरांना बसू नये म्हणून त्यांना संघातून वेगळे काढावे लागले. एकाच्या चुकीसाठी सगळ्यांनी का भोगायचे, हा आक्षेप या पद्धतीवर आजही घेतला जातो, आणि तो रास्त आहे. काही शिक्षक म्हणूनच चुकांऐवजी चांगल्या वागण्याला गुण देतात.

अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात १९८५ पासून संशोधक शेपर्ड केलम यांच्या गटाने पहिली-दुसरीच्या वर्गांत हा खेळ राबवला. तेथील आक्रमक मुलग्यांमध्ये तरुणपणी व्यसनाधीनतेचे प्रमाण तुलनेने कमी आढळले. इंग्लंडमधील ७७ प्राथमिक शाळांच्या चाचणीत मात्र वाचनात किंवा एकूण वर्तनात लक्षणीय फरक दिसला नाही.