इंजिनं वाढत गेली, गियर मागे राहिले

चिकोडी-अथणीकडच्या माणसाला बोटीचं इंजिन ओळखीचं झालं ते पुरामुळे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा गावांत शिरली आणि एनडीआरएफच्या रबरी बोटींच्या पाठीला लावलेली आउटबोर्ड इंजिनं सगळ्यांनी जवळून पाहिली. कारवारला उतरलं की दुसरी जात दिसते: ट्रॉलरच्या पोटात डिझेल इंजिन, तिथून बुडातून तिरका बाहेर पडणारा लांब शाफ्ट आणि टोकाला पंखा. स्टर्नड्राइव्ह या दोघांच्या मधला. इंजिन बोटीच्या आत, पण पार मागच्या फळीला खेटून; आणि फळीच्या बाहेर, आउटबोर्डच्या खालच्या अर्ध्या भागासारखा, डावी-उजवीकडे वळणारा आणि वर उचलता येणारा पाय. मोठ्या वेगाच्या बोटींना असे दोन पाय आणि दोन इंजिनं असतात.

बेळगावात या यंत्राचं काय काम, असं कुणी विचारेल. चोर्ला घाट उतरलं की मांडवी आहे, आणि मांडवी म्हणजे आपल्या खानापूर तालुक्यात उगवणारी म्हादईच. पण खरं कारण ते नाही. स्टर्नड्राइव्हचा इतिहास हा मुळात ओतकामाचा आणि गियरच्या दातांचा इतिहास आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी सायकलच्या दुकानापासून लोखंडी नांगरापर्यंतची मजल याच शहरात मारली आणि मग १९१० मध्ये ते कुंडलजवळच्या माळावर गेले. आजही उद्यमबागेत फौंड्री, मशीन शॉप आणि हायड्रॉलिक्सची कामं शेजारी शेजारी चालतात. तिथल्या टर्नर-फिटरला ही गोष्ट बोटवाल्यांपेक्षा लवकर कळेल, असं मला वाटतं.

इंजिनाची ताकद या पायात दोनदा काटकोनात वळते. आडवा शाफ्ट युनिव्हर्सल जॉइंटमधून फळीबाहेर येतो, वरच्या बेव्हल गियरवर वळून उभ्या शाफ्टने खाली जातो, तिथे पुन्हा बेव्हल गियरवर वळून पंख्याच्या शाफ्टला फिरवतो. ट्रकच्या डिफरन्शियलमधली क्राऊन-पिनियनची जोडी ज्याने उघडली आहे, त्याला इथली अडचण लगेच दिसेल. ताकद वाढवायची तर गियर मोठा हवा. गियर मोठा केला की त्याभोवतीचं ओतीव अॅल्युमिनियमचं घर फुगतं, आणि ते घर तर पाण्याखाली असतं. जितकं जाड, तितका पाण्याचा विरोध जास्त. ट्रकला ही पंचाईत नाही. साठ-पासष्ट वर्षांची सगळी धडपड याच एका पेचाभोवती फिरली.

सुरुवात १९५९ ची. जिम विन हा अमेरिकन इंजिनिअर आधी मर्क्युरी या आउटबोर्ड कंपनीत होता. तो आणि त्याचा सहकारी चार्ली स्ट्रँग यांच्या डोक्यात ही कल्पना घोळत होती, पण मालक कार्ल कीकहेफरला ती पटली नव्हती. विन बाहेर पडला आणि स्वीडनच्या व्होल्वो पेंटाने त्याचं ऐकलं. त्या वर्षीच्या न्यूयॉर्क बोट शोमध्ये ८० हॉर्सपॉवरचा ‘अॅक्वामॅटिक’ मांडला गेला. लांब शाफ्ट गेला, बोटीच्या मधली जागा मोकळी झाली, उथळ पाण्यात पाय उचलून घेता येऊ लागला. मर्क्युरीला घाईघाईने मागे यावं लागलं. १९६१ मध्ये त्यांनी ‘मर्क्रूझर’ बाजारात आणला आणि पुढे अमेरिकेत त्याच नावाचं राज्य झालं.

याच सुमारास बोटीचं बूडही बदललं. बोटींचा अमेरिकन डिझायनर रे हंटने काढलेलं खोल ‘व्ही’ आकाराचं बूड १९६० च्या मायामी-नासाऊ शर्यतीत ‘मॉपी’ या बोटीने गाजवलं. दुसरी आली ती विनची बोट, स्टर्नड्राइव्ह लावलेली. खवळलेल्या समुद्रात वेग न सोडता जाणारं बूड आणि हलका, मागे बसणारा ड्राइव्ह एकत्र आले. वेगवान बोटी बांधणाऱ्या डॉन अॅरोनोव्हने फॉर्म्युला, डॉन्झी, मॅग्नम आणि सिगारेट या कंपन्या एकामागून एक उभ्या केल्या, त्यांच्या मुळाशी हेच लग्न होतं.

पण अमेरिकन मोठ्या व्ही-८ इंजिनांची भूक वेगळी. ऐंशी हॉर्सपॉवरसाठी जन्मलेल्या रचनेवर तीनशे, चारशेचा भार आला. त्यातच समुद्री शर्यतीत बोट लाटेवरून उडते. पंखा हवेत येतो, इंजिन एकदम पिसाटतं आणि बोट खाली पडताच तोच पंखा पाण्यात रुततो. तो धक्का सरळ दातांवर. म्हणून मोठ्या शर्यतीत सुकाणू एकाकडे आणि थ्रॉटल दुसऱ्याकडे असतो. उडी घेताना थ्रॉटल सोडणं आणि पाण्याला टेकताना परत देणं हेच त्या दुसऱ्याचं मुख्य काम.

दोन इंजिनं लावण्यामागचं एक कारण हेच. सहाशे हॉर्सपॉवर एका पायातून न्यायचे की तीनशे-तीनशे दोन पायांतून? दुसऱ्या पर्यायात प्रत्येक गियरवर निम्मा भार येतो, एक बंद पडला तर दुसऱ्यावर किनाऱ्याला लागता येतं. किंमत मोजावी लागते ती वजनात, पेट्रोलमध्ये आणि पाण्यातल्या दुप्पट पायांच्या विरोधात. दोन्ही पंखे एकाच दिशेने फिरले तर बोट एका बाजूला ओढते, म्हणून डावा-उजवा असे उलट फिरवायचे.

इथे गियर बदलण्याची जागा महत्त्वाची ठरते. या इतिहासातला सर्वांत रंजक धागा मला तोच वाटतो. मर्क्रूझरच्या साध्या घराण्यात, पुढे ‘अल्फा वन’ झालेल्या, पुढे-मागे करणारा डॉग क्लच, म्हणजे दातात दात अडकवून जोडणारा क्लच, पाण्याखालच्या भागात आहे. क्लचचे दात सुटावेत म्हणून गियर बदलताना इंजिनाचं इग्निशन क्षणभर तोडणारा एक स्विचही लागतो. तीनशे हॉर्सपॉवरच्या आतबाहेर तो ठीक चालतो, त्यावर नाही. उलट फिरणारा पंखा हवा तर त्याला वेगळा खालचा भाग घ्यावा लागतो. १९७० च्या दशकात मोठ्या इंजिनांसाठी मर्क्रूझरचा ‘टीआरएस’ हा ड्राइव्ह आला. त्यात क्लच पायातून काढून इंजिनाला जोडलेल्या वेगळ्या गियरबॉक्समध्ये नेला. मजबूत, पण लांब आणि जड. मग १९८० च्या दशकाअखेर ‘ब्राव्हो वन’ने मधला मार्ग काढला: कोन क्लच, म्हणजे शंकूच्या आकाराचा, घर्षणाने पकडणारा क्लच, पायाच्या वरच्या भागात. त्यामुळे खालचं घर बारीक राहिलं, आणि कंट्रोल केबलची जोडणी फिरवली की तोच ड्राइव्ह डावा किंवा उजवा होतो. जुळ्या इंजिनांच्या मालकाला एकच सुटा भाग दोन्हीकडे चालू लागला, ही सोय वेगापेक्षा कमी नव्हती.

व्होल्वोने वेगळी वाट धरली. १९८२ मध्ये ‘डुओप्रॉप’: एकाच शाफ्टरेषेवर एकमेकांविरुद्ध फिरणारे दोन पंखे. एका पंख्याने वळवलेलं पाणी दुसरा सरळ करतो, बोट एका बाजूला झुकत नाही, कमी वेगातही पकड राहते. मर्क्रूझरने ‘ब्राव्हो थ्री’ काढून हीच कल्पना आपलीशी केली. कुटुंबाला घेऊन फिरणाऱ्या जड बोटीला तो ड्राइव्ह उत्तम, पण फार मोठ्या वेगाला पाण्यातले दोन पंखे म्हणजे जास्तीचा विरोध. म्हणून वेगवाले एकपंखी ब्राव्हो वनलाच चिकटून राहिले आणि त्याची दणकट आवृत्ती ‘एक्सआर’ आली. त्याच्याही पुढे मर्क्युरी रेसिंगचे ‘नंबर सिक्स’ आणि ‘एम-८’ हे ड्राय संप ड्राइव्ह, म्हणजे गियरचे दात तेलात बुडून फिरत नाहीत. तेल पंपाने सोडलं आणि ओढून घेतलं जातं. २०१० मध्ये आलेलं नऊ लिटरचं, दोन टर्बोचं १३५० हॉर्सपॉवरचं इंजिन अशाच पायाच्या जिवावर चालतं.

ड्राइव्ह बदलताना गियर रेशो, म्हणजे पंख्याच्या एका फेरीला इंजिनाच्या किती फेऱ्या, हे पाहावंच लागतं. समजा इंजिन ५००० फेऱ्यांवर आहे, रेशो १.५० आणि पंख्याची पिच, म्हणजे एका फेरीत तो कागदावर जेवढा पुढे सरकतो ते अंतर, २४ इंच. कागदावर ताशी सुमारे १२२ किलोमीटर निघतात; पाण्यातली घसर १२ टक्के धरली तर १०७. रेशो बदलला आणि पिच तीच ठेवली तर इंजिन आपल्या फेऱ्यांपर्यंत पोचत नाही किंवा फेऱ्यांची मर्यादा ओलांडतं. दुसरी गोष्ट उंचीची. पंख्याचा शाफ्ट बोटीच्या बुडाच्या जितका जवळ वर येईल तितका विरोध कमी, पण इंजिन थंड ठेवायला पाणी ओढणारी पायावरची भोकं हवेत येण्याचा धोका. म्हणून वर बसवलेल्या ड्राइव्हला पायाच्या खालच्या भागाच्या नाकाशी खालून पाणी घेणारी रचना करतात. दोन्ही पाय टाय बारने जोडलेले आणि सुकाणू बाहेरच्या हायड्रॉलिक सिलिंडरवर हवं. मोठ्या वेगात एक पाय जरा जरी वेगळा हलला तरी बोट हातात राहत नाही. पायाचा धातू गंजू नये म्हणून स्वतः झिजणारे धातूचे तुकडे, म्हणजे अॅनोड, मांडवीच्या खाऱ्या-मचूळ पाण्यात अॅल्युमिनियमचे आणि हिडकलसारख्या गोड्या पाण्यात मॅग्नेशियमचे असतात.

ओएमसी (आउटबोर्ड मरीन कॉर्पोरेशन) ही तिसरी मोठी कंपनी डिसेंबर २००० मध्ये दिवाळखोरीत गेली आणि तिच्या ‘कोब्रा’ ड्राइव्हच्या मालकांना सुट्या भागांसाठी वणवण आली. दुसरीकडे मर्क्युरीच्या २००४ च्या ‘व्हेराडो’ आउटबोर्डपासून आउटबोर्ड ताकदवान होत गेली. २०२१ मध्ये आलेल्या सहाशे हॉर्सपॉवरच्या व्ही-१२ आउटबोर्डने तर विरुद्ध फिरणारे दोन पंखेही उचलले. नव्या वेगवान बोटी आता बऱ्याचदा मागे आउटबोर्डची रांग लावूनच बनतात.

जुळ्या इंजिनांच्या जुन्या बोटीचा मालक मात्र मागच्या फळीवर आधीच बसवलेल्या जोडणीला बांधलेला असतो. ब्राव्होच्या ट्रान्सम असेंब्लीवर, म्हणजे पाय फळीला धरून ठेवणाऱ्या त्या जोडणीवर, एक्सआर सरळ बोल्टने बसतो, आयएमकोसारख्या कंपन्यांचे जाड खालचे भागही बसतात. अल्फावरून ब्राव्होवर जायचं तर पायासोबत ट्रान्सम असेंब्लीही बदलावी लागते, तीही दोन्हीकडची. तेवढा खर्च करण्याआधी इंजिनाची ताकद थोडी कमी ठेवून अल्फाच टिकवणं अनेकदा शहाणपणाचं ठरतं.