जळजळ असताना स्लीव्ह? जरा थांबा

"स्लीव्ह करून घ्या, जठरच कापलं की ॲसिडही कमी, जळजळ आपोआप जाईल." वजनाच्या ऑपरेशनचा विषय निघाला की हे कुणीतरी सांगतंच. ऐकून कान किटले.

स्लीव्ह बहुतेकांना ठाऊक असते: जठराचा 75 ते 80 टक्के भाग काढतात, उरते केळ्याच्या आकाराची नळी. वजनाचंच दुसरं ऑपरेशन म्हणजे जठराचा बायपास (हृदयाचा नव्हे). त्यात जठर काढत नाहीत. वरच्या टोकाला साधारण 30 मिलिलिटरची पिशवी वेगळी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. वजन दोन्हींत उतरतं, त्यावर वाद नको.

मेख आहे ती दाबात. जेवताना जठराचा वरचा फुगीर भाग सैल पडतो आणि अन्नाला जागा करून देतो. स्लीव्हमध्ये नेमका तोच जातो. उरलेली नळी अरुंद, ताठ. जठराच्या खालच्या टोकाची झडप मात्र शाबूत. चार घास जास्त झाले की आतला दाब वाढतो आणि आंबट पाणी वरच्या, आधीच ढिल्या झडपेतून अन्ननलिकेत चढतं. हाच रिफ्लक्स. आम्ल कमी झालं म्हणून काय झालं, जे उरलंय ते भलत्या जागी पोचतंय! शिवाय रिफ्लक्सच्या नेहमीच्या ऑपरेशनमध्ये अन्ननलिकेभोवती गुंडाळतात तो हाच फुगीर भाग. तो कापला की पुढे तीही वाट बंद. बायपासच्या पिशवीत आम्ल बनवणाऱ्या पेशी मोजक्याच, आणि यकृतातून येणारं पित्त बरंच खाली जाऊन मिसळतं.

फिनलंडमधल्या 'स्लीव्हपास' चाचणीत 10 वर्षांनी दुर्बिणीने तपासलं, तेव्हा स्लीव्हवाल्यांपैकी 31 टक्के जणांच्या अन्ननलिकेला सूज होती. बायपासवाल्यांत 7 टक्के.

त्यामुळे रात्री उशांवर उशा रचून झोपावं लागत असेल, किंवा दुर्बिणीत अन्ननलिका सोलवटलेली दिसली असेल, तर माझं मत सरळ बायपासला. ऑपरेशनआधी दुर्बीण टाळू नकाच. काहींना त्रास जाणवत नाही, पण इजा झालेली असते. बायपास फुकटात पडत नाही, हेही खरं: बी-12, लोह, कॅल्शियम जन्मभर, आणि सिगारेट किंवा आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामकांनी जोडावर अल्सर होऊ शकतो.

राहिला 'मिनी बायपास'. तो छोटा, सोपा बायपास नव्हे. त्यात आतड्याला एकच जोड असतो, त्यामुळे पित्त पिशवीत उलटं येऊ शकतं. सही करण्याआधी विचारून घ्या, बायपास कोणता? रिफ्लक्सवाल्याला हवा तो रू-एन-वाय, म्हणजे वर सांगितलेला नेहमीचा बायपास.