'डेडस्टॉक' म्हणजे नक्की काय?

सप्टेंबर 2020 मध्ये आलेली 'स्नीकरहेड्स' ही सहा भागांची अमेरिकी विनोदी मालिका बुटांच्या एका दुर्मीळ जोडाच्या शोधाभोवती फिरते. ती पाहायला बुटांची मॉडेल्स पाठ असायची गरज नाही. 'डेडस्टॉक' हा शब्द मात्र कळायला हवा, कारण स्नीकर, म्हणजे खेळाचे बूट, जमवण्याच्या छंदातले निम्मे वाद त्यावरूनच होतात.

शब्द मूळचा दुकानदारांचा. उत्पादन बंद झाले, माल खपला नाही आणि मागच्या खोलीत खोकी तशीच राहिली, तो डेड स्टॉक. (आपल्या शाळा-कचेऱ्यांतले डेड स्टॉक रजिस्टर वेगळे, त्यात वापरातली टेबले-खुर्च्याही असतात.) संग्राहक जुन्या क्रीडासाहित्याच्या दुकानांत अशी खोकी हुडकत. म्हणजे अटी दोन होत्या: जोड न वापरलेला हवा आणि बाजारातून गेलेला हवा.

दुसरी अट 'रेट्रो'ने, म्हणजे जुनी मॉडेल्स पुन्हा काढण्याने मोडली. नायकेने 1985 चा एअर जॉर्डन 1 हा बूट 1994 मध्ये पुन्हा काढला, तेव्हा तो सवलतीत विकावा लागला. पुढे मात्र पुनरावृत्ती हाच मुख्य धंदा झाला. आता सकाळी घेतलेला जोड दुपारी 'डेडस्टॉक' म्हणून विकायला निघतो. मूळ अर्थाने हा वापर चूकच आहे. त्याला 'नवा' म्हणावे.

उरली पहिली अट. घरात गालिच्यावर घालून पाहिलेला जोड चालेल का? काही मॉडेल्सच्या तळाच्या कडेला बारीक चांदण्यांची नक्षी असते, ती झिजली आहे का ते जाणकार पाहतात. पुढच्या भागावर घडी पडली आहे का, नाडी कारखान्यातलीच ओवलेली आहे का, जादा नाड्या आणि कागद आहेत का आणि खोक्यावरचा मॉडेल क्रमांक जिभेमागच्या लेबलाशी जुळतो का, हेही तपासतात. 'व्हेरी निअर डेडस्टॉक' (जवळपास न वापरलेला) या पाटीला कसलेच माप नाही, म्हणून त्या वर्णनावर कधीही विसंबू नये.

फेब्रुवारी 2005 मध्ये न्यूयॉर्कमध्ये कबुतराचे चित्र असलेल्या अवघ्या 150 जोडांसाठी झुंबड उडाली आणि पोलीस बोलवावे लागले. डिसेंबर 2011 मध्ये एअर जॉर्डनच्या एका रेट्रोसाठी अमेरिकेतल्या मॉलमध्ये रेटारेटी झाली. पुढे रांगांची जागा सोडतींनी आणि अ‍ॅपने घेतली. मग माणसाच्या आधी आपोआप खरेदी करणारे प्रोग्रॅम, म्हणजे बॉट आले. 2016 पासून चाललेल्या पुनर्विक्रीच्या एका बाजाराने फक्त न वापरलेले जोड, तेही आधी स्वतःकडे मागवून तपासूनच, पुढे पाठवायचे ठरवले. त्यामुळे 'डेडस्टॉक म्हणजे न घातलेला' हा अर्थ पक्का झाला.

पण न घातलेला जोडही टिकत नाही. एअर जॉर्डनच्या 1988 आणि 1989 च्या मॉडेलांचा मधला तळ पॉलियुरेथेनचा आहे. हवेतली आर्द्रता त्याच्या रेणूंच्या साखळ्या तोडते आणि तीस वर्षे खोक्यात जपलेला बूट पहिल्या पावलालाच भुसा होतो. मुंबई-कोकणच्या दमट हवेत हे लवकर घडते. ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या भरमसाट पुड्या घालूनही भागत नाही, कारण फार कोरडेपणात डिंक सुकून तळ सुटतो.

उपाय एकच, तळ बदलणे. अ‍ॅसिटोनने जुना डिंक सोडवायचा, नव्या रेट्रोचा तळ काढून घ्यायचा, दोन्ही पृष्ठभाग घासायचे, डिंकाचे दोन पातळ हात द्यायचे, उष्णता देऊन दाबायचे. पहिला हात पुरता वाळला नाही तर टोकाकडून तळ उघडतो. असा जोड कधीच घातला नसला तरी डेडस्टॉक नव्हे. विकताना वरच्या भागाचे आणि तळाचे अशी दोन्ही वर्षे लिहावीत.