‘बायकांचं काम’ पुण्यात कसं ठरत गेलं

दहावी-बारावीचे निकाल लागले की पुण्यातल्या घराघरांत ठरलेली वाक्यं ऐकू येतात. ‘डीएड कर, घर सांभाळून होतं.’ ‘मेकॅनिकल? वर्कशॉपमध्ये मुलगी काय करणार?’ मुलाने नर्सिंगचं नाव काढलं, तर विषयच बदलला जातो. बोलणाऱ्यांच्या मनात काळजीच असते. पण ही काळजी त्यांच्याकडे आली कुठून, हे पाहायचं तर बरंच मागे जावं लागतं.

कुंभारवेस, तांबट आळी, बुरुड आळी ही नावं आजही सांगतात की जुन्या पुण्यात धंदा जातीने ठरायचा. त्या जातीच्या आतही एक वाटणी होती. कुंभाराच्या घरात माती मळायची, मडकी रंगवायची आणि डोक्यावरून बाजारात न्यायची ती बाईने. चाकावर बसायचं ते पुरुषाने. शेतात लावणी-खुरपणी बायकांची, पण नांगराला बाईने हात लावायचा नाही. बलुतं मिळायचं ते कर्त्या पुरुषाच्या नावावर. कष्ट दोघांचे, कारागीर मात्र एकच, असा हा हिशोब होता, आणि तो शिकवायला शाळा लागत नव्हती. पोर आईच्या नाहीतर बापाच्या शेजारी बसायचं आणि शिकायचं.

या हिशोबाला पहिला मोठा धक्का बसला तो १८४८ मध्ये. बुधवार पेठेतल्या भिडे वाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली. सावित्रीबाईंच्या अंगावर शेण-चिखल फेकला गेला, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यातली एक बाजू मात्र सहसा बोलली जात नाही. लोकांचा राग मुलींच्या शिकण्यावर होता, तसाच एक बाई घराबाहेर पडून शिक्षकाचं काम करते यावरही होता. शिकवणं हे तोवर पंतोजींचं, म्हणजे पुरुषाचं काम होतं. आज प्राथमिक शाळा म्हटलं की ‘बाई’ हाच शब्द तोंडात येतो. तेच काम, पण दीड-पावणेदोन शतकांत त्याचं लिंग पार बदललं. एखादं काम निसर्गतःच बाईचं किंवा पुरुषाचं असतं म्हणणाऱ्यांना एवढं एक उदाहरण पुरे आहे.

पुढच्या वाटा उघडल्या त्या एका विशिष्ट युक्तिवादावर. १८८२ मध्ये पंडिता रमाबाईंनी पुण्यात सरकारच्या शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे साक्ष दिली. त्यांचं म्हणणं असं: मुलींच्या शाळांसाठी स्त्री शिक्षक आणि स्त्री निरीक्षक नेमा, स्त्रियांना वैद्यकीय शिक्षण द्या. कारण इथल्या बायका पुरुष डॉक्टरपुढे मोकळेपणी बोलत नाहीत. पुण्यात जन्मलेल्या आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये अमेरिकेत एमडी झाल्या, त्याही देशातल्या स्त्रियांना स्त्री डॉक्टर हवी या निश्चयाने. त्यांच्या प्रबंधाचा विषयही प्रसूतिशास्त्राचा. १८८४ मध्ये हुजूरपागेची मुलींची शाळा सुरू झाली, तेव्हा तिच्या इंग्रजी अभ्यासक्रमावर आणि दिवसभराच्या वेळेवर टिळकांच्या वृत्तपत्रांनी सडकून टीका केली. घरकामाचं काय, हा त्यातला मोठा मुद्दा.

विरोध एवढा कडवा असताना ‘स्त्रियांसाठी स्त्रिया’ हेच म्हणणं टिकू शकत होतं. ते मांडणाऱ्यांबद्दल माझ्या मनात निखळ आदर आहे. तरीही हे नोंदवलंच पाहिजे, की याच म्हणण्यातून नव्या कामांभोवती कुंपण पडलं. शिक्षिका, सुईण, नर्स, बायकांची डॉक्टर: घरातलंच काम, फक्त उंबऱ्याबाहेर. १९०९ मध्ये रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात सेवासदन सुरू झालं आणि ससून रुग्णालयात नर्सिंग शिकायला बायका जाऊ लागल्या. परक्या माणसांच्या अंगाला हात लावायचा, विटाळ मानायचा नाही. त्या काळी हे सोपं नव्हतं. महर्षी कर्व्यांनी तर १९१६ च्या महिला विद्यापीठाची कल्पना जपानच्या महिला विद्यापीठावरून घेतली. स्त्रीचं आयुष्य पत्नी आणि आई म्हणून वेगळं, म्हणून तिचा अभ्यासक्रमही वेगळा, त्यात गृहशास्त्राला मानाची जागा, ही त्यांची प्रामाणिक भूमिका होती.

स्वातंत्र्यानंतर घटनेच्या सोळाव्या कलमाने सरकारी नोकरीत लिंगभेद करायला मनाई केली. पण १९४८ च्या कारखाना कायद्याचं ६६ वं कलम बायकांना रात्रपाळीपासून दूर ठेवत राहिलं. हेतू संरक्षणाचा, परिणाम असा की ‘कारखान्यात बाई नको’ म्हणायला मालकाला आयतं कारण मिळालं. १९७४ मध्ये पुण्यातल्या टेल्को या टाटांच्या मोटार कंपनीच्या जाहिरातीत स्त्री उमेदवारांनी अर्ज करू नये असं छापून आलं. सुधा कुलकर्णी, म्हणजे आताच्या सुधा मूर्ती, यांनी थेट जेआरडी टाटांना पोस्टकार्ड पाठवलं, मुलाखत झाली आणि त्या शॉप फ्लोअरवर रुजू झाल्या.

कायदे बदलतात, पण मुलांच्या मनात हे शिरतं ते दुसऱ्याच वाटेने. तुळशीबागेत भातुकलीच्या दुकानासमोर थोडा वेळ उभं राहा. बोटभर बंब, जातं, पोळपाट-लाटणं, शेगडी. सगळं पितळेचं, देखणं. मुलगा हट्टाने त्याला हात लावायला गेला की बरोबरचं मोठं माणूस त्याला गाड्यांच्या दुकानाकडे वळवतं. तोच मुलगा मंगल कार्यालयात पाहतो: कढईपाशी आचारी पुरुष, ओळीने पोळ्या लाटायला बसलेल्या बायका. म्हणजे पुरुषाने स्वयंपाक करण्यात वावगं काही नाही. त्याचे पैसे मिळाले पाहिजेत, आणि चार लोकांनी त्याला आचारी म्हटलं पाहिजे. मला हा धडा कुठल्याही पुस्तकातल्या धड्यापेक्षा जास्त पक्का वाटतो.

पुस्तकंही मागे नव्हती. केर काढणारी आई आणि पेपर वाचणारे बाबा यांवर पिढ्या वाढल्या. १९६७ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या बालभारतीने २०१९ च्या दुसरीच्या पुस्तकात आई-बाबा दोघांनाही भाजी निवडताना दाखवलं, तेव्हा त्याची बातमी झाली. भाजी निवडणाऱ्या बापाची बातमी व्हावी, यावरून आपण कुठे होतो ते कळतं.

मुलींच्या बाजूने दारं उघडत आहेत. कर्व्यांच्याच संस्थेने १९९१ मध्ये कर्वेनगरला मुलींचं इंजिनिअरिंग कॉलेज काढलं. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या आदेशानंतर मुली आल्या आणि मे २०२५ मध्ये त्यांतल्या सतरा जणी प्रशिक्षण पूर्ण करून बाहेर पडल्या.

उलट दिशेची वाट मात्र जवळजवळ बंद आहे. १९७५ पासून चालणाऱ्या अंगणवाडी योजनेत सेविकेचं पद बाईसाठीच ठेवलं गेलं. तीन ते सहा वर्षांच्या मुलांसमोर खाऊ देणारी, गाणी शिकवणारी, वजन करणारी व्यक्ती म्हणून पुरुष कधी येतच नाही. आणि हे काम आईपणाचाच विस्तार मानलं गेल्यामुळे सेविकांना पगार मिळत नाही, मानधन मिळतं. वर्षानुवर्षं त्या मोर्चे काढतात ते आम्हाला सरकारी कर्मचारी म्हणा, या मागणीसाठी.