नैराश्य जोडीने येतं तेव्हा थेरपी कुठे हात घालते?

“आधी पॅनिकचं बघा, डिप्रेशनचं नंतर.” “दोन आजार म्हणजे दोन थेरपिस्ट लागणार का?” “आणि नुसतं बोलून काय होणार?” नैराश्याबरोबर पॅनिक (अचानक येणारे तीव्र भीतीचे झटके), ओसीडी (नको असलेले विचार आणि त्यापायी पुन्हा पुन्हा केल्या जाणाऱ्या कृती) किंवा दारूचं व्यसन असलेल्यांच्या घरात हे प्रश्न हमखास निघतात. मानसोपचार म्हणजे धीर देणं आणि समजावणं, असा पक्का समज त्यामागे आहे. खरं तर जोडीने आलेले हे आजार बऱ्याचदा एकाच चक्रावर पोसले जातात, टाळण्याच्या चक्रावर, आणि थेरपी त्या चक्रालाच हात घालते.

पॅनिकची धास्ती बसलेला माणूस लोकलच्या फलाटावर उभा आहे. छाती धडधडते, हात गार पडतात. तो मागे फिरतो, जिना चढून स्टेशनाबाहेर येतो आणि काही मिनिटांत धडधड ओसरते. सगळा घोटाळा या सुटकेत आहे. ‘परत फिरलो म्हणून वाचलो’ अशी नोंद मेंदू करतो आणि पुढच्या वेळी पाय आणखी लवकर मागे वळतात. त्रास निघून गेल्यामुळे एखादं वागणं पक्कं होतं, त्याला नकारात्मक प्रबलन म्हणतात. बक्षीस तिथल्या तिथे मिळतं, किंमत मात्र काही आठवड्यांनी मोजावी लागते: रजा वाढतात, मित्र तुटतात, आनंदाची आणि ‘जमलं’ असं वाटण्याची ठिकाणं एकेक करून बंद होतात. नैराश्य शिरतं ते इथून. मग अंथरुणात पडून राहिल्यानेही तशीच तात्पुरती सुटका मिळते. ओसीडीत पुन्हा पुन्हा हात धुणं आणि संध्याकाळचा पेग हेही याच नियमाने पक्के होत जातात.

हे चक्र समजावून का तुटत नाही? कारण अपेक्षा आणि अनुभव यांत तफावत पडल्याशिवाय मेंदू नवं शिकत नाही. ‘आता मरणार’ अशी खात्री असताना माणूस फलाटावर थांबला आणि काहीच झालं नाही, तर धडा बदलतो. जुना धडा मात्र पुसला जात नाही. नवा त्याच्या शेजारी बसतो. म्हणून असं थांबण्याचा सराव एकाच स्टेशनवर करून भागत नाही. वेगळी वेळ, वेगळी गर्दी, वेगळी गाडी लागते. खिशात गोळी, हातात पाण्याची बाटली आणि सोबत भाऊ असेल, तर वाचल्याचं श्रेय मेंदू त्यांना देतो आणि सराव फुकट जातो.

नैराश्याच्या बाजूने हेच काम बिहेवियरल ॲक्टिव्हेशन, म्हणजे ठरवून छोटी छोटी कामं पुन्हा सुरू करण्याची पद्धत, करतं. पहिला आठवडा फक्त नोंदी: तासातासाला काय केलं आणि मन 0 ते 10 मध्ये कुठे होतं. त्यातून मन कधी खाली घसरतं ते दिसतं. मग एखादं काम इतकं छोटं करायचं की वाईट दिवशीही जमावं. ‘रोज व्यायाम’ नको; ‘साडेसहाला चपला घालून कोपऱ्यापर्यंत’ चालेल. मन लागेल तेव्हा करू, असं ठरवलं की योजना तिथेच बसते. वेळ घड्याळानेच ठरवावी. आणखी एक चूक नेहमी होते: माणूस चालतो खरा, पण अर्धा तास डोक्यात तेच ते घोळवत. ते चालणंही टाळणंच. अशा वेळी लक्ष पावलांकडे, रस्त्यावरच्या आवाजांकडे वळवायला शिकवतात.

हे मोठ्या शहरातल्या महागड्या क्लिनिकपुरतं नाही. गोव्यात ‘संगत’ संस्थेने 10 प्राथमिक आरोग्य केंद्रांत हीच पद्धत तपासली. मानसोपचाराची पदवी नसलेल्या, पण प्रशिक्षण घेतलेल्या समुपदेशकांनी 30-40 मिनिटांची सहा ते आठ सत्रं घेतली. मध्यम-तीव्र ते तीव्र नैराश्याच्या 495 रुग्णांचा हा अभ्यास ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांत 64 टक्के लोक नैराश्यातून बाहेर होते, न मिळालेल्यांत 39 टक्के.

क्रम मात्र चुकवून चालत नाही. आधी कधी झोप न घेताही उत्साह उतू जाण्याचे दिवस आले असतील, तर बायपोलर, म्हणजे नैराश्य आणि अति उत्साह (उन्माद) आलटून पालटून येणारा आजार, आहे का हे डॉक्टरांकडून तपासून घ्यावं. त्यात नुसत्या नैराश्याच्या गोळ्यांनी उन्माद उसळू शकतो. दारू बंद झाल्यावर काही आठवड्यांत नैराश्य बऱ्याच जणांत आपसूक उतरतं, पण रोज भरपूर पिणाऱ्याने ती एकाएकी तोडली तर फिट येऊ शकते, जिवावरही बेतू शकतं. तिथे आधी डॉक्टर, मग सत्रं. ओसीडीबरोबरचं नैराश्य इतकं तीव्र असेल की अंघोळही होत नाही, तर भीतीला सामोरं जाण्याचा सराव थांबवून आधी तेच हलकं करावं लागतं.

‘बाहेरची बाधा’ म्हणून उतारे करण्यात आजही मोलाचे महिने जातात. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधून मारहाण करणं महाराष्ट्रात 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे. ‘एका शिबिरात नैराश्यमुक्ती’ विकणारेही तेवढंच नुकसान करतात, कारण तिथून रिकाम्या हाताने परतलेला माणूस खऱ्या उपचारालाही नाही म्हणतो.

दर सत्राच्या सुरुवातीला थेरपिस्टने पीएचक्यू-9 ही नैराश्य मोजणारी नऊ प्रश्नांची यादी रुग्णाकडून भरून घ्यावी; गुण 0 ते 27. एकूण आकडा घटला तरी मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दलचा नववा प्रश्न वेगळा वाचावा. तिथे शून्याखेरीज काहीही आलं, तर त्या दिवशीचं बाकी सगळं बाजूला ठेवून त्याबद्दलच बोलायचं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत क्रमांक चोवीस तास चालतो; तो रुग्णाच्या आणि घरच्यांच्या फोनमध्ये पहिल्याच सत्रात भरून द्यावा.