अलार्म आहे, पण रेडॉनचा नाही

अमेरिकेत न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनियाकडे स्वतःचं घर घेतलेल्या मराठी कुटुंबांत एक वाक्य वारंवार ऐकू येतं: "बेसमेंटमध्ये डिटेक्टर लावलाय की, रेडॉनची काळजी कशाला?" तो डिटेक्टर बहुतेक वेळा कार्बन मोनॉक्साइडचा असतो. दोन्ही वायूंना रंग नाही, वास नाही आणि दोन्ही घरात बसल्या जागी गाठतात. साम्य इथेच संपतं.

कार्बन मोनॉक्साइड जळणातून होतो. घर गरम करणारी फर्नेस, गॅरेजमध्ये चालू ठेवलेली गाडी, आपल्याकडे बंद न्हाणीघरातला गॅस गिझर: हवा अपुरी पडली की ज्वलन अर्धवट होतं. हा वायू हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. डोकं दुखतं, मळमळतं, भोवळ येते आणि प्रमाण जास्त असेल तर काही मिनिटांतही जीव जातो. अलार्म वाजला की खिडक्या उघडत बसू नका; सगळ्यांना घेऊन बाहेर पडा आणि तिथून 911 ला फोन करा.

रेडॉनचा जळणाशी काही संबंध नाही. हा किरणोत्सारी वायू जमिनीतून येतो. खडकातल्या युरेनियमपासून रेडियम, रेडियमपासून रेडॉन. फरशीच्या भेगा, बेसमेंटमधलं पाणी उपसणाऱ्या सम्प पंपाचा खड्डा, पाइपांभोवतीच्या फटी या त्याच्या वाटा. हिवाळ्यात घरातली गरम हवा वर चढते, तळाशी दाब कमी होतो आणि घर जमिनीतली हवा अक्षरशः ओढून घेतं. श्वासातला रेडॉन बराचसा बाहेर पडतो. खरं नुकसान करतात त्याच्या विघटनातून तयार होणारे पोलोनियमचे कण. ते फुप्फुसात चिकटून अल्फा किरणांचा मारा करतात. खोकला नाही, डोकेदुखी नाही. थेट कर्करोग, तोही वर्षानुवर्षांनी. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेच्या अंदाजानुसार तिथे वर्षाला सुमारे 21,000 मृत्यू यामुळे होतात. धूम्रपान करणाऱ्यांना धोका कितीतरी जास्त, पण त्या आकड्यात कधीच सिगारेट न ओढलेले सुमारे 2,900 जणही आहेत.

1984 मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या लिमरिक अणुवीज केंद्रात स्टॅन्ली वॉट्रस या इंजिनिअरमुळे किरणोत्साराचा अलार्म वाजू लागला. केंद्र तर अजून सुरूही झालं नव्हतं. घरातल्या रेडॉनमुळे किरणोत्सार तो घरून अंगावर घेऊन येत होता.

इथे घरून काम करण्याचा प्रश्न येतो. रेडॉनचा डोस म्हणजे पातळी गुणिले तास. बेसमेंटमध्ये ऑफिस थाटलं, तर आठवड्याचे 40 तास म्हणजे वर्षाला सुमारे 2,000 तास घरातल्या बहुधा सर्वाधिक रेडॉनच्या मजल्यावर जातात. पूर्वी तिथे फक्त कपडे धुवायला जात होतात, तेव्हाचा हिशेब आता लागू नाही.

मोजायला रेडॉन शोषून घेणाऱ्या कोळशाची डबी मिळते. चाचणीच्या 12 तास आधीपासून ती संपेपर्यंत खिडक्या-दारं बंद ठेवा. ये-जा करण्यापुरतंच दार उघडा. राहत्या सर्वांत खालच्या मजल्यावर, जमिनीपासून निदान 20 इंच वर, खिडकीपासून 3 फूट दूर ठेवा. स्वयंपाकघरात किंवा बाथरूममध्ये नको. सूचनेप्रमाणे 2 ते 7 दिवसांनी सीलबंद करून त्याच दिवशी लॅबला पाठवा. डबी घरात पडून राहिली तर रेडॉन विरत जातो (अर्धायुष्य जेमतेम 3.8 दिवस) आणि आकडा भरवशाचा राहत नाही. हवेच्या लिटरमागे 4 पिकोक्युरी (किरणोत्साराचं एकक) किंवा जास्त आलं, तर पुन्हा मोजून खात्री करा आणि दुरुस्ती करून घ्या.

नुसत्या भेगा बुजवून भागत नाही. फरशीला भोक पाडून 3 किंवा 4 इंची पीव्हीसी पाइप खालच्या खडीपर्यंत नेतात आणि फॅन ती हवा ओढून छपरावर सोडतो. फॅन माळ्यावर किंवा घराबाहेरच हवा: त्याच्या पुढच्या पाइपात दाब असतो, तिथला सांधा गळला तर रेडॉन खोलीतच ओतला जाईल. पाइपवर रंगीत द्रवाची यू आकाराची नळी असते. द्रवाच्या दोन्ही बाजू एका पातळीत दिसल्या की समजा, फॅन बंद पडलाय. फॅन बसवल्यावर 30 दिवसांच्या आत पुन्हा मोजा, पुढे दर दोन वर्षांनी.