मिनिएचरवर अ‍ॅक्रिलिक शाईची फवारणी

मिनिएचर म्हणजे टेबलावरच्या युद्धखेळांसाठी किंवा संग्रहासाठी बनवलेले छोटे पुतळे. त्यांच्यावर एअरब्रशने, म्हणजे दाबाच्या हवेने रंग फवारणाऱ्या छोट्या उपकरणाने, अ‍ॅक्रिलिक शाईचे विरळ थर देऊन सलग, रवा न दिसणारी छटा उतरवण्याची ही पद्धत आहे. हे पुतळे बहुधा २८ ते ३२ मिमी उंचीचे असतात. भिंतीवर जो ठिपका कुणाच्या लक्षातही येणार नाही, तो एवढ्याशा चेहऱ्यावर देवीच्या वणासारखा उठून दिसतो. म्हणून या कामात गुळगुळीतपणाला इतके मोल आहे.

एअरब्रशचा एक आद्य नमुना १८७० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत अ‍ॅबनर पीलर यांनी तयार केला. हवा आणि रंग यांचे मिश्रण उपकरणाच्या आतच करणारी रचना चार्ल्स बर्डिक यांनी १८९० च्या दशकात आणली. मिनिएचरसाठी आज बहुतेक जण डबल-अ‍ॅक्शन एअरब्रश वापरतात. त्याचा ट्रिगर खाली दाबला की हवा सुटते आणि मागे ओढला की रंग. हवा आधी सुरू करावी आणि रंग थांबल्यावरच बंद करावी. एवढी शिस्त पाळली तरी सुरुवातीला आणि शेवटी उडणारे जाडे थेंब टळतात.

अ‍ॅक्रिलिक शाईत अतिशय बारीक दळलेले रंगकण पातळ अ‍ॅक्रिलिक बंधकात (रंगकण पृष्ठभागाला धरून ठेवणाऱ्या द्रवात) विखुरलेले असतात. नेहमीच्या मिनिएचर रंगापेक्षा ती पुष्कळ पातळ असते, तरी रंग गडद देते. डेलर-राउनीची एफडब्ल्यू, लिक्विटेक्स आणि अ‍ॅमस्टरडॅम या शाया छंदिष्टांच्या वापरातल्या आहेत. ०.२ किंवा ०.३ मिमीच्या नोझलमधून त्या सहज वाहतात. मात्र पातळपणामुळे त्यांची फवारणी बिघडतेही चटकन.

थेंब पुतळ्यावर ओला पोचला पाहिजे, पण पोचल्यावर वाहू लागण्याआधी वाळला पाहिजे. फवारणीतले जवळपास सगळे दोष या दोन टोकांपैकी एकावर असतात. हवेचा दाब जास्त असेल किंवा एअरब्रश फार लांब धरला असेल, तर थेंब वाटेतच सुकतो आणि पृष्ठभागावर रवाळ, धुळीसारखा बसतो. फार जवळून किंवा एकाच जागी भरपूर शाई सोडली, की हवेचा झोत ओल्या शाईला चहूकडे ढकलतो आणि कोळ्याच्या पायांसारखे फाटे फुटतात. शाईला १० ते १५ पीएसआय (हवेच्या दाबाचे एकक), म्हणजे साधारण एक बार किंवा त्याहून कमी दाब पुरतो. अंतर चार-पाच सेंटीमीटर ठेवून हात सतत हलता ठेवावा. पहिल्या फेरीत रंग जेमतेम जाणवला तरी चालेल. तो थर सुकू द्यावा, मगच पुढचा द्यावा. घाई करणाऱ्याला हीच गोष्ट सर्वांत जड जाते.

शाई आधीच पातळ आहे, मग त्यात आणखी काही कशाला, असे वाटते. पण इथे पातळ करण्यापेक्षा रंग विरळ करण्याला महत्त्व आहे. नुसते पाणी घातले तर बंधक कमी पडतो आणि पाण्याच्या पृष्ठताणामुळे थेंब गोळा होऊन बसतात. त्याऐवजी एअरब्रश मीडियम किंवा पारदर्शक मॅट मीडियम, म्हणजे रंगकण नसलेले अ‍ॅक्रिलिक द्रव, समभाग घालावे. प्रत्येक थेंबात रंगकण कमी झाले की एकेक ठिपका फिका पडतो आणि शेजारच्यात मिसळून जातो. जास्तीच्या दोन-तीन फेऱ्यांची किंमत या फायद्यापुढे काहीच नाही.

खरी परीक्षा पांढऱ्या शाईची. काळ्या प्रायमरवर (रंगाआधी देतात त्या अस्तरावर) वरून पांढरी शाई फवारून आधीच छायाप्रकाश बसवण्याच्या पद्धतीला झेनिथल म्हणतात. काळ्यावर पांढरा ठिपका लपत नाही. शिवाय त्यातले टायटॅनियम डायऑक्साइड जड असल्याने तळाशी बसते, म्हणून बाटली नीट हलवून घ्यावीच लागते. काळ्यावरचा विरळ पांढरा थर प्रकाशाच्या विकिरणामुळे निळसर, खडूसारखाही दिसतो. मध्ये करड्या रंगाचा एक टप्पा घेतला तर रवाळपणा आणि निळसर झाक दोन्ही कमी होतात.

हवामानाचाही हिशेब ठेवावा लागतो. नागपूरच्या मे महिन्यात शाई सुईच्या टोकावरच सुकते, फवारा तुटक होतो आणि अचानक मोठा थेंब उडतो. अशा वेळी मिश्रणात रिटार्डरचा, म्हणजे सुकणे लांबवणाऱ्या द्रवाचा, एखादा थेंब घालावा आणि क्लीनरमध्ये भिजवलेल्या ब्रशने सुईचे टोक वारंवार पुसावे. मुंबईच्या जुलैत उलट होते. थर वाळायला वेळ लागतो आणि दमट हवा दाबली गेली की नळीत पाणी साठते. हवेतले पाणी अडवणारा वॉटर ट्रॅप वेळोवेळी रिकामा केला नाही, तर ते पाणी थेट पुतळ्यावर येते. पेणच्या गणपती कारखान्यांत स्प्रे गनने मूर्तीला रंग देणारे कारागीर पावसाळ्याच्या तोंडावर याच ओलाव्याशी झुंजत असतात. फरक एवढाच, की तिथे पृष्ठभाग फुटांत मोजतात.

सुकलेल्या शाईला बहुधा चकाकी येते आणि तिच्या झळाळीत छटेचा अंदाज चुकतो. म्हणून मॅट वार्निश दिल्याशिवाय काम चांगले झाले की वाईट, हे ठरवू नये. स्पर्शाला कोरडा वाटणारा थर आतून पक्का झालेला नसतो. मास्किंग टेप किंवा ओला ब्रश लावण्याआधी तो रात्रभर ठेवावा, नाहीतर रंग उचलला जातो. फवारताना रेस्पिरेटर मास्क लावावा आणि हवा बाहेर जाईल अशी सोय करावी. कॅडमियमयुक्त रंग तर एअरब्रशमध्ये कधीच घालू नयेत.